भिंतीवरचे वस्त्र आणि अंगावरचे वस्त्र

युरोपातील राजसभांच्या कलेविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, त्यात चित्रकार व शिल्पकार ह्यांस अग्रपूजेचा मान मिळतो आणि विणकरांच्या वाट्यास एखादे उपवाक्य येते. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, सोळाव्या शतकातील राजे रंगविलेल्या चित्रांहून कितीतरी अधिक द्रव्य लोकर, रेशीम व जर ह्यांनी विणलेल्या प्रचंड भित्तिपटांवर खर्च करीत. इंग्लंडचा आठवा हेन्री १५४७ साली वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत असे पट दोन हजारांहून अधिक भरले. ते केवळ थंडी निवारण्यासाठी टांगलेले नव्हते. राजा कोण, त्याचे पूर्वज कोण, त्याने कोणास जिंकले आणि देव कोणाच्या बाजूस आहे, हे सर्व त्या पटांनी पाहुण्यांस, वकिलांस व शत्रूंस मुकाट्याने सांगावयाचे असे.

ही हकीकत सांगून झाली म्हणजे आमच्याकडे तिला एक ठरीव पुस्ती जोडली जाते. ती अशी की, तिकडे वस्त्र हे राजकारणाचे साधन झाले, इकडे ते केवळ मिरविण्याचे राहिले. आमच्या दरबारांत जर होती, मखमल होती, पैठणी होती, परंतु त्या सर्वांस काही म्हणावयाचे नव्हते. आम्हास हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा वाटतो. आमच्या राजसभांनी वस्त्राकडून जितके राजकारण करवून घेतले, तितके क्वचितच कोणी करवून घेतले असेल. भेद एवढाच की, त्यांचे वस्त्र भिंतीवर होते व आमचे अंगावर. हा भेद दिसावयास लहान असला, तरी कलेच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि तोच ह्या लेखाचा विषय आहे.

आम्ही ज्या मुरुडात बसून हे लिहीत आहो, तेथून तेर फार दूर नाही. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या ‘पेरिप्लस’ नामक पुस्तकात लिहून ठेवले आहे की, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असून, तेथून साधे कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून आडवाटेने भडोच बंदरास नेतात. तेव्हा ह्या मुलखास कापडाची ओळख काही आजची नव्हे. त्याच मुलखात पुढे औसा व उदगीर ह्यांसारखे किल्ले झाले. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि शेवटी सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादचे निजाम, असे धनी येथे बदलत गेले. प्रत्येक नवा धनी आपले धनीपण ज्या रीतींनी जाहीर करी, त्यांत चाकरांच्या अंगावर आपली वस्त्रे चढविणे ही एक प्रमुख रीत होती. राजकारणाची ही भाषा ह्या भागात कित्येक शतके बोलली गेली. आज ती कोणास नीटशी वाचता येत नाही, इतकेच.

प्रथम भिंतीवरचे वस्त्र पाहू. फ्लॉरेन्स नगरीचा ड्यूक पहिला कोसिमो दे मेदिची ह्याचे उदाहरण घेतले असता ह्या कलेचे मर्म उघड होते. १५३७ साली त्याच्या आधीच्या ड्यूकचा खून झाला आणि मेदिची घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील हा सतरा वर्षांचा मुलगा अकल्पितपणे सत्तेवर आला. ज्या नगरीने त्याच्या घराण्यास एकाहून अधिक वेळा हद्दपार केले होते, तीच आता त्याच्या हाती होती. १५४५ त त्याने यान रोस्ट व निकोलास कार्खर ह्या दोघा फ्लेमिश उस्तादांस नोकरीस ठेवून नगरात माग बसविले, आणि बायबलातील योसेफाच्या कथेवर वीस पट विणविले. हे काम १५५३ पर्यंत चालले. बहुतेक रेखाटने ब्रोन्झिनो ह्याची, थोडी पोन्तोर्मोची व एक साल्व्हियातीचे. विसांचे मिळून क्षेत्रफळ चारशे चौरस मीटरांहून अधिक आहे. जुन्या नगरमंदिरातील ज्या दालनात पूर्वी नागरिकांच्या सभा भरत, त्याच दालनासाठी ते विणले गेले.

योसेफच का, हा प्रश्न येथे साहजिक उत्पन्न होतो. योसेफ हा बापाचा लाडका मुलगा. मत्सराने पेटलेले भाऊ त्यास विकून टाकतात. तो परदेशी दास होतो, तुरुंगात पडतो, आणि शेवटी आपल्या शहाणपणाच्या बळावर मिसर देशाचा प्रधान होतो. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागावयास त्याच्या दारी येतात व तो त्यांस क्षमा करतो. कोसिमोने स्वतःचे चित्र काढविले नाही, आपले नावही कथेत घातले नाही. परंतु त्या दालनात जेवावयास बसलेल्या प्रत्येक फ्लॉरेन्सवासीयास कळावयाचे ते कळत असे. ज्यांनी विकले ते भाऊ कोण, परत येऊन धान्य वाटणारा कोण, आणि आता क्षमा मागावयाची कोणी, हे सांगण्यास भालदाराची गरज उरत नव्हती. सत्तेने आपली बाजू एका पवित्र कथेच्या तोंडून मांडली, म्हणजे त्या बाजूस विरोध करणे हे त्या कथेस विरोध करण्यासारखे होते. ह्या कलेची शक्ती येथे आहे.

सम्राट पाचवा चार्ल्स ह्याने अधिक सरळ मार्ग धरला. १५३५ साली त्याने ट्यूनिसवर स्वारी केली, तेव्हा फेर्मेयेन नावाच्या चित्रकारास सैन्याबरोबर नेले. त्याच्या रेखाटनांवरून ब्रुसेल्सच्या पानेमाकर ह्या विणकराने बारा पट विणले. ते १५५४ त पुरे झाले. त्यांत आरमार आहे, वेढा आहे, कत्तलही आहे, आणि वर-खाली हकीकतीचे लेख आहेत. ही जणू रेशमात विणलेली बखर होय. बखरीप्रमाणेच तिला एकच पक्ष ठाऊक आहे.

ह्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पाहणारा समोर उभा असतो, आणि पट त्याच्याशी बोलतो. पाहणाऱ्याने उलट बोलावयाची सोय नसते. तो मनात काय म्हणतो हे राजास कळत नाही. पाहुणा जेवून, पट वाखाणून घरी गेला, की त्याचे कर्तव्य संपले. आता आमच्याकडील रीत पाहावी.

तत्पूर्वी विणकामाविषयी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. युरोपातील भित्तिपट ज्या कृतीने विणतात, त्याच जातीच्या कृतीने आमच्या पैठणीचा पदर व काठ विणला जातो. साध्या कापडात बाण्याचा धागा धोट्यातून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तसे नसते. प्रत्येक रंगाची निराळी कांडी असते. तो रंग जेवढ्या जागेत हवा तेवढ्यातच तो धागा फिरतो, आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे वळतो. म्हणून मोर असो वा वेल असो, तो कापडावर काढलेला नसतो. ते कापडच मोर झालेले असते. ब्रुसेल्सचा विणकर व पैठणचा विणकर परस्परांची भाषा जाणत नव्हते, परंतु एकमेकांचा माग पाहून ते खचित हसले असते. तेव्हा आमच्याकडे राजांची चित्रमय भित्तिवस्त्रे झाली नाहीत, ह्याचे कारण कसबाचा अभाव हे नव्हे. आमच्या राजसभांस वस्त्राकडून निराळे काम हवे होते.

ते काम खिलतीचे. खिलत ह्या अरबी शब्दाच्या मुळाशी अंगावरून उतरविण्याचा अर्थ आहे. राजाने आपल्या अंगावरचे वस्त्र उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालावे, ही मूळ कल्पना. त्याचेच फार्सी नाव ‘सर-ओ-पा’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. आणि तोच आमच्या मराठीतील शिरपाव. शाळेत पहिल्या आलेल्या मुलास आम्ही शिरपाव देतो, तेव्हा त्या शब्दात एक अख्खा दरबार घडी घालून ठेवला आहे ह्याची आम्हास कल्पना नसते.

मोगल दरबारात ह्या वस्त्रांचे व्याकरण ठरलेले होते. साध्या सरदारास तीन नगांची खिलत. त्याहून मोठ्यास पाच वा सात नगांची. आणि सर्वांत श्रेष्ठ ती, की जिच्यातील वस्त्र बादशहाने स्वतः वापरलेले असे. राजकोठीसाठी दर ऋतूस हजार पोशाख तयार होत, असे अबुल फजल ‘आइन-इ-अकबरी’त सांगतो. औरंगजेबाच्या काळी येथे आलेला फ्रेंच वैद्य बर्नियर ह्याने किल्ल्यातील कारखान्यांचे वर्णन केले आहे, त्यात एका दालनात उस्तादाच्या देखरेखीखाली कशिदाकार बसलेले दिसतात. कोणास किती नग, कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, ह्या अनुक्रमात सर्व अर्थ भरलेला असे. घेणाऱ्याने ते वस्त्र लेवून, पुन्हा दरबारात येऊन, सर्वांसमक्ष मुजरा करावयाचा. ह्याचा परिणाम असा की, येथे पाहणारा चित्राबाहेर उरतच नाही. त्यास उचलून चित्रात बसविले जाते. दरबार हाच पट, आणि सरदार हे त्यातील धागे. कोसिमोच्या दालनातील पाहुणा योसेफाच्या भावांकडे पाहत होता. मोगल दरबारातील पाहुण्यास भावाचा वेष चढवून उभे केले जात होते.

परंतु ह्यामुळेच ह्या कलेत एक धोकाही उत्पन्न होतो, जो भित्तिपटात नाही. ज्यास वस्त्र घालावयाचे, तो ते नाकारू शकतो.

१२ मे १६६६ हा दिवस मराठी वाचकांस सांगावयास नको. आग्र्याच्या दरबारात औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा समारंभ चालू होता. जयपूर दरबारच्या माणसांनी त्याच सुमारास लिहिलेली राजस्थानी पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत, त्यांवरून घटनेचा क्रम स्पष्ट दिसतो. शिवाजी महाराजांनी नजर केली, आणि त्यांस मागे नेऊन मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. मग खिलती वाटल्या गेल्या. शहाजाद्यांस मिळाली, वजीर जाफरखानास मिळाली, राजा जसवंतसिंगास मिळाली. महाराजांस मिळाली नाही. येथे त्यांचा संताप अनावर झाला. बादशहाकडे पाठ फिरवून ते बाजूस झाले. मागाहून त्यांची समजूत घालून, खिलत घालून, परत आणावे म्हणून बादशहाने माणसे पाठविली, तेव्हा त्यांनी ती घालण्यास साफ नकार दिला.

ह्यात काहींस विसंगती दिसेल. वस्त्र मिळाले नाही म्हणून राग, आणि देऊ केले तर नकार, हे कसे? आमच्या नाटकांतून हा प्रसंग केवळ बाणेदारपणाचा म्हणून रंगविला जातो, आणि मग ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याची कोणास गरज वाटत नाही. परंतु वस्त्रांची भाषा ध्यानात घेतली, तर विसंगती राहत नाही. महाराजांस ही भाषा उत्तम अवगत होती. एका वर्षापूर्वीच, पुरंदरच्या तहानंतर, बादशहाचे फर्मान व खिलत त्यांनी रीतीप्रमाणे पायी सामोरे जाऊन स्वीकारली होती. त्या दिवशी ती तहाची अट होती, आणि तहात दोन पक्ष असतात. आग्र्यात योग्य वेळी, योग्य क्रमात न दिलेली खिलत म्हणजे जागा नाकारणे होते. आणि मागाहून समजुतीसाठी पाठविलेली खिलत म्हणजे नाकारलेली जागा मुकाट्याने पत्करावी अशी विनंती होती. पहिलीचा अभाव हा अपमान होता, दुसरीचा स्वीकार हा तोच अपमान अंगावर घालणे झाले असते. ज्या पटात आपणास कोठे विणले जात आहे हे त्यांनी क्षणात ओळखले, आणि आपला धागा काढून घेतला. कलाकृतीचे इतके नेमके व इतके धाडसी परीक्षण आम्हास दुसरे ठाऊक नाही.

पुढे मराठी राज्य उभे राहिले, तेव्हा त्याने ही भाषा टाकून दिली नाही. तिला आपलेसे केले. पेशवाईची ‘वस्त्रे’ हा शब्दप्रयोग पाहावा. पद मिळाले, असे म्हणत नसत. वस्त्रे मिळाली, असे म्हणत. १७१३ साली बाळाजी विश्वनाथास, १७२० साली बाजीरावास, १७४० साली नानासाहेबास ती छत्रपती शाहूंकडून मिळाली. ह्या तिन्ही वेळी वस्त्र देणारा हात खरोखर समर्थ होता. परंतु शाहूंच्या मृत्यूनंतर, १७४९ पासून, सत्तेचे ठिकाण साताऱ्याहून पुण्यास आले, आणि छत्रपती जवळजवळ नजरकैदेत राहू लागले. तेथून पुढे ह्या वस्त्रांचे खरे नाट्य सुरू होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथरावांच्या हाती पुणे होते, फौज होती. तरीही त्यांस साताऱ्याहून वस्त्रे आणविल्यावाचून चालले नाही. दुसऱ्या बाजूस नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभारी नारायणरावांच्या गरोदर पत्नीस, गंगाबाईंस, पुरंदर किल्ल्यावर घेऊन बसले. एप्रिल १७७४ त मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी, ज्यास अद्याप मानही सावरता येत नव्हती अशा त्या बालकास, साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. देणारा परतंत्र, घेणारा तान्हा; मध्ये उरले ते केवळ वस्त्र. आणि त्या वस्त्राने राज्य चालले! कोसिमोस आपली सत्ता न्याय्य ठरविण्यास वीस पट व आठ वर्षे लागली. पुरंदरावर ते काम एका घडीच्या पोशाखाने केले. ह्यास जे केवळ उपचार म्हणतात, त्यांनी हा प्रश्न स्वतःस विचारावा की, उपचार जर पोकळ होता, तर दोन्ही पक्ष त्यासाठी साताऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून का बसले होते?

हाच मुलगा अठरा वर्षांचा झाला तेव्हा ह्या भाषेतील सर्वांत अवघड, आणि आमच्या मते सर्वांत करुण, वाक्य लिहिले गेले. जून १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक पदाची फर्माने व वस्त्रे घेऊन पुण्यास आले. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ह्या समारंभाचे सविस्तर वर्णन दिले आहे. भव्य तंबूंच्या ओळीच्या टोकाशी एक सिंहासन मांडले होते. त्यावर बादशहा नव्हता. बादशहाचे फर्मान व खिलत ठेवली होती. सवाई माधवराव पेशव्यांनी त्या रिकाम्या सिंहासनास तीन वेळा मुजरा केला, १०१ मोहरांची नजर ठेवली, आणि ते डाव्या बाजूस बसले. फर्माने वाचून झाल्यावर त्यांस नऊ नगांची खिलत, पाच जवाहीर, ढाल-तलवार, शिक्का-कलमदान इत्यादी मिळाले. शेजारच्या तंबूत जाऊन ती वस्त्रे लेवून ते परत आले.

ह्या देखाव्यात कोण कोणास काय देत होता, हे क्षणभर पाहावे. ज्या शाह आलम बादशहाची ती वस्त्रे, त्याचे डोळे १७८८ साली गुलाम कादराने काढले होते, आणि तो महादजींच्याच आश्रयाने राहत होता. म्हणजे आश्रिताची वस्त्रे आश्रयदाता घेऊन आला, व आपल्या धन्यास देता झाला. तो धनीही नावापुरता. त्याचा कारभार नाना फडणिसांच्या हाती. नानांस हा समारंभ रुचलेला नव्हता. आणि कळस असा की, बादशहाची ही वस्त्रे घेण्यास पेशव्यांनी साताऱ्याच्या छत्रपतींची रीतसर परवानगी घेतली होती. कारण पेशव्यांच्या अंगावर आधीच साताऱ्याची वस्त्रे होती, आणि एकाच्या वस्त्रांवर दुसऱ्याची वस्त्रे घालावयाची, तर पहिल्यास विचारणे भाग होते. एक परतंत्र राजा, एक अंध बादशहा, एक तरुण पेशवा. ह्या तिघांच्या दुर्बलतेवर हे भरजरी कापड पसरले होते, आणि दोन समर्थ माणसे त्याची टोके धरून उभी होती. हा पट कोणी मागावर विणला नाही, परंतु अठराव्या शतकाच्या अखेरच्या हिंदुस्थानचे इतके खरे चित्र आम्हास कोणत्याही भिंतीवर आढळलेले नाही.

येथपर्यंत आम्ही आमच्या बाजूची वकिली केली. आता न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हे परीक्षण न राहता अभिमानगीत होईल.

भित्तिपटास जे साधले, ते खिलतीस साधले नाही. ब्रोन्झिनोच्या एका पटात योसेफ पोटीफराच्या पत्नीच्या हातून सुटून पळत आहे. तो पट पाहताना कोसिमोच्या राजकारणाचा विसर पडतो. उरते ते पळणारे तरुण शरीर, ओढणारा हात, आणि दोघांच्या मध्ये ताणले गेलेले वस्त्र. राजकीय हेतूने विणलेल्या कृतीत हेतूहून मोठे असे काही शिरले आहे, आणि म्हणून कोसिमो गेला, त्याचे घराणे गेले, तरी पट बोलत आहे. खिलतीस असे हेतूहून मोठे होता आले नाही. तिचा सर्व अर्थ प्रसंगात होता. प्रसंग संपला, माणसे पांगली, की उरे ते केवळ मोलाचे कापड. ज्या कलेस भोवती दरबार असल्यावाचून बोलता येत नाही, ती कला दरबाराबरोबर मुकी होणार, हे उघड आहे. चित्रकथेच्या ठायी शंका, करुणा, उपहास ह्यांस जागा असते. तीन नग, पाच नग, सात नग ह्या व्याकरणात तेवढी जागा नाही. ही आमच्याकडील कलेची मर्यादा आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आणखी एक उणीव अधिक बोचणारी आहे. रोस्टने आपल्या पटांच्या कडेस आपली खूण विणली आहे: सळईवर भाजला जाणारा मांसाचा तुकडा. त्याच्या नावाचाच अर्थ भाजणे असा होत असल्याने त्याने केलेली ती कोटी आहे. १५२८ पासून ब्रुसेल्सच्या विणकरांस तर नगराची खूण पटावर घालणे बंधनकारकच होते. आमच्या पुरंदरच्या वस्त्रांचे, १७९२ च्या नऊ नगांचे सूत कोणी उकलले, माग कोणी चालविला, हे सांगणारी एकही खूण नाही. देणाऱ्याचे नाव इतिहासात आले, घेणाऱ्याचे आले, आणणाऱ्याचे आले. विणणाऱ्याचे आले नाही.

नाशाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे फारसा भेद नाही. फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने १७९७ साली राजघराण्याचे कित्येक जरतारी पट त्यांतील सोन्यारुप्यासाठी जाळून टाकले. आमच्याकडे ह्या कामास क्रांतीचीही गरज लागली नाही. जुनी जर विकत घेणारा दारावर आला, की पेटीच्या तळाची फाटकी पैठणी बाहेर निघे. तो ती वजनावर घेई आणि पुढे जाळून चांदी काढी. किती घरांत असे झाले असेल ह्याची गणती कोण करणार? ज्या लुगड्याच्या पदरात एखाद्या सरदारघराण्यास मिळालेला मान असेल, तो भट्टीत जाऊन त्याची तोळ्यावर चांदी झाली. जी वस्त्रे वाचली, ती संग्रहालयांच्या काचेआड ‘भरजरी पोशाख’ अशा चिठ्ठीखाली उभी आहेत. कोणी दिला, कोणत्या प्रसंगी, किती नगांपैकी हा कितवा, आणि तो घालताना घेणाऱ्याने काय पत्करले, हे चिठ्ठी सांगत नाही. भित्तिपटाची चिठ्ठी हरवली तरी योसेफ ओळखता येतो. खिलतीची चिठ्ठी हरवली की खिलत हरवते. म्हणून आमच्या संग्रहालयांवर ह्या बाबतीत युरोपातील संग्रहालयांहून अधिक जबाबदारी आहे.

तथापि खिलत खरोखर मेली आहे काय? आमच्या मुरुडासारख्या गावी कोणताही समारंभ पाहावा. व्यासपीठावर प्रथम पाहुण्यांस शाल व श्रीफळ. कोणास शाल, कोणास नुसता हार. कोणाचे नाव आधी, कोणाचे नंतर. आणि एखाद्याचे नाव सुटले तर पुढे सहा महिने धुमसणारा रुसवा. लग्नातील आहेर व मानपान ह्यांचेही तेच. फेटा कोणी बांधला, कोणास बांधला, ह्यावरून सोयरिकी जुळल्या व मोडल्या आहेत. हे पाहून सुशिक्षित मंडळी हसतात. आम्ही हसणार नाही. ही माणसे एक जुनी भाषा बोलत आहेत, आणि तिचे व्याकरण त्यांस अजून तोंडपाठ आहे.

हसावयाचेच असेल, तर ते आम्ही लिहिणाऱ्यांनी स्वतःस हसावे. सत्ताधीशाच्या हातून खांद्यावर शाल पडताना आम्हास ती केवळ लोकरीची वाटते. फार तर आम्ही तिचे पोत पाहतो. ह्या शालीने आपणास कोणत्या पटात, कोणाच्या शेजारी, कितव्या रांगेत विणले, हा प्रश्न आमच्या मनास शिवत नाही. शाल घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. मान देणाऱ्याचा हात पुष्कळदा खरोखर प्रेमाचा असतो, आणि तो झिडकारणे हा केवळ उद्धटपणा होय. पुरंदरच्या तहानंतर महाराजांनीही वस्त्र घेतलेच होते. परंतु घेताना त्यांस ते वाचता येत होते. आणि वाचता येत होते म्हणूनच वर्षभराने आग्र्यात ते नाकारता आले. ज्यास वाचता येत नाही, त्याच्या घेण्यासही अर्थ नाही आणि नाकारण्यासही नाही. खांद्यावर पडलेल्या कापडाची घडी उलगडून ते एकदा नीट वाचून पाहावे, इतकीच आमची वाचकांस व आमच्या लेखकबंधूंस विनंती आहे.